परवाना आणि प्रतिष्ठा

(ज्ञातिमंडळाच्या धर्मापुरी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने यंदाच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. मुलामुलींचे शिक्षण, वसतिगृहाचा निधी, विवाहातील खर्च हे आपल्या मेळाव्याचे नेहमीचे विषय. त्यांवर आमच्याहून अधिकारी वक्ते येथे बसले आहेत. आम्ही आज एक अवघड विषय हाती घेत आहोत. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक किंवा पिस्तूल आहे, अशा गृहस्थांकडे समाज आज कोणत्या दृष्टीने पाहतो, आणि त्या दृष्टीला आपण स्वतः कितपत जबाबदार आहोत, हा तो विषय होय. विषयाचे नाव ऐकताच पुढच्या रांगेतील काही मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, हे आमच्या नजरेतून सुटले नाही. तथापि घरातील गोष्ट घरातच स्पष्टपणे बोलावी, यासाठीच असे मेळावे असतात.

आपण आज धर्मापुरीत जमलो आहोत. केदारेश्वराचे चालुक्यकालीन, शिल्पांनी मढलेले देवालय आपल्यापैकी बहुतेकांनी सकाळी पाहिले. गावचा किल्लाही पाहिला. किल्ला पाहताना मनात एक साधी गोष्ट आली. तट गावाभोवती असतो आणि त्याच्या जंग्यांचे तोंड बाहेर असते, ते गावाकडे कधीच नसते. शस्त्र कोणाच्या रक्षणासाठी आहे आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे, यावरूनच त्याची प्रतिष्ठा ठरते. आज आम्हांस जे सांगावयाचे आहे ते एवढेच. पुढचे सर्व त्याचे विवरण आहे.

आमच्या वडिलांपाशी एक दुनळी बारा बोअर बंदूक होती. पीकसंरक्षणासाठी त्यांनी तिचा रीतसर परवाना घेतला होता. आमच्या भागात ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरे आणि रोही शेतात शिरत आणि एका रात्रीत कणसे लोळवून जात. मग जागलीला जावे लागे. मचाणावर कंदील, हाती गोफण, आणि सगळ्या शिवारात मिळून एक बंदूक. वडील ती बहुधा हवेतच उडवीत. त्या एका आवाजाने कळप ओढ्यापार जाई आणि आजूबाजूच्या मचाणांवरून माणसे एकमेकांना हाका घालीत. आपल्या शेताआधी गावातील एका विधवा बाईच्या शेताकडे फेरी मारावयाची, हा त्यांचा नेम होता. त्या बाई ज्ञातीने आमच्या नव्हत्या. परंतु हा प्रश्न कधी कोणाच्या मनातही आला नाही. खंडेनवमीला बंदुकीतील काडतुसे काढून ती वेगळ्या पेटीत ठेवीत, आई हळदकुंकू वाही, आणि पूजा होताच बंदूक पुन्हा कुलपात जाई. लग्नकार्यात ती घराबाहेर निघाल्याचे आम्हांस स्मरत नाही. गाव आमच्या घराला ‘बंदूकवाल्यांचे घर’ म्हणत असे. त्या शब्दात भीती नव्हती. रात्री संकट आले तर कोणते दार ठोठवावे, याची ती खूण होती.

आता दुसरी बाजू. ती सांगताना आम्ही इतर कोणाकडेही बोट दाखवीत नाही.

व्यवसायानिमित्त आम्ही तालुक्याच्या गावी आलो, चार पैसे गाठीला बांधले, आणि पिस्तुलाचा परवाना मिळविला. अर्जात ‘जीवितास धोका’ असे कारण लिहिले होते. खरे सांगावयाचे तर आमच्या जिवावर कोणीही उठले नव्हते. बरोबरीच्या चार लोकांच्या कमरेला पिस्तूल होते, म्हणून आम्हांसही ते हवे होते. ते लावून बैठकीत गेले की खुर्ची लवकर मिळे. यालाच आम्ही ‘वजन’ समजत होतो.

पुढे थोरल्या चिरंजीवांच्या विवाहाची बोलणी सुरू झाली. लातूरकडील आपल्याच ज्ञातीतील एका शिक्षकाचे घर होते. मुलगी शिकलेली, मंडळी सालस. पाहण्याचा कार्यक्रम आमच्याकडे झाला आणि पाहुण्यांचे स्वागत आम्ही कमरेला पिस्तूल लावूनच केले. काढून ठेवावे, हे सुचलेसुद्धा नाही. आठ दिवसांनी मध्यस्थांकरवी निरोप आला: मुलगा उत्तम आहे, घर उत्तम आहे, परंतु जेथे पाहुण्यांच्या स्वागताला पिस्तूल लागते त्या घरी मुलगी देण्यास तिच्या आईचे मन धजत नाही. आम्ही संतापलो. परवाना सरकारी आहे, आम्ही गुन्हेगार नाही, असे पुष्कळ बोललो. चिरंजीव शांतपणे एवढेच म्हणाले, “बाबा, आजोबांची बंदूक कधी कोणाला खटकली नव्हती.” ती सोयरीक जुळली नाही. मुलीचा विवाह अन्यत्र झाला.

या वाक्याने आम्हांस विचार करावयास लावले. शस्त्र तेच, परवाना त्याच कायद्याचा, रक्तही तेच; मग एका पिढीत आदराची भीती कशी झाली?

हा प्रश्न आमच्या एका घराचा राहिला नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. त्या खटल्याचा निर्णय हा न्यायालयाचा विषय आहे आणि त्याविषयी या व्यासपीठावरून बोलणे उचित नव्हे. परंतु त्यानंतर बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची चर्चा अवघ्या महाराष्ट्रात झाली. जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे प्रसिद्ध झाले. हाती पिस्तूल घेतलेल्या तरुणांची छायाचित्रे आणि हवेत गोळ्या झाडल्याची चित्रणे घरोघरच्या मोबाइलवर फिरली. प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी हाती घेतली आणि अनेक परवाने रद्द झाले. जातीजातींतील अविश्वास तर इतका वाढला, की २०२५ साली जिल्ह्यातील पोलिसांच्या छातीवरील पट्टीवर आडनाव न लिहिता केवळ नाव लिहिण्याचा निर्णय घेण्यात आला. ज्ञातिमंडळाच्या मेळाव्यात बसून आपण या घटनेचा विचार करणार नसलो, तर कशाचा करणार? रक्षणकर्त्याचे आडनाव झाकावे लागावे, अशी वेळ आपण सर्वांनी मिळून आणली.

येथे परवानाधारक बांधवांची तक्रार आम्ही न्यायाने मांडली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती. म्हणजे जवळजवळ दोन हजार माणसांमागे एक परवाना. या मूठभर लोकांतही बहुसंख्य साधे गृहस्थ आहेत. कोणी रानातील वस्तीवर एकटे राहणारे शेतकरी आहेत, कोणी दागदागिन्यांचा व्यापार करणारे आहेत. सैन्यातून निवृत्त झालेले कित्येक जवान स्वतःच्या बारा बोअर बंदुकीच्या परवान्यावर बँकेच्या दारात सुरक्षारक्षकाची नोकरी करतात. त्यांच्या घरची चूल त्या परवान्यावर पेटते. या लोकांनी कोणाला दटावले नाही, कोठे गोळी झाडली नाही. तरीही ते बंदूक घेऊन निघाले की लोक आता वळून पाहतात. “चार जणांच्या मस्तीची शिक्षा आम्हांस का?” असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे.

परंतु त्याचे उत्तरही कटू असले तरी रास्त आहे. दोन हजारांत एक असणारा मनुष्य नेहमीच नजरेत भरतो. कुलपातील बंदूक कोणाला दिसत नाही. मांडवात उडालेली गोळी सर्वांना ऐकू येते. ज्यांनी ती उडविली त्यांना आपण काय म्हटले? वरातीत बार निघाला तेव्हा आपण कानांवर हात ठेवून हसलो. वाढदिवसाच्या फलकावर पिस्तुलधारी पुतण्याचे चित्र लागले तेव्हा ‘पोराची हौस’ म्हणून सोडून दिले. सज्जनांची बंदूक कुलपात होती हे खरे. पण त्यांची जीभही कुलपात होती. प्रतिमा बिघडविणारे चार जण असतील. ती बिघडू देणारे मात्र आपण सगळे आहोत.

हक्काचीही बाजू पाहू. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा करून या देशातील प्रजेला निःशस्त्र केले, याचे शल्य आपल्या वाडवडिलांच्या मनात दीर्घकाळ होते. म्हणूनच घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये, आपला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त होऊन अवघे तीन महिने झाले होते तेव्हा, शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत मानावा अशी सूचना हरि विष्णु कामत यांनी मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. आग्रह धरावयाचा तो व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, तर राष्ट्रावर प्रसंग येईल तेव्हा शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. घटनेत तो हक्क आला नाही. त्यानंतर झालेला १९५९ चा शस्त्र अधिनियम याच पायावर उभा आहे. आपल्या देशात परवाना हा हक्क नाही. कारण पाहून, चौकशी करून समाजाने टाकलेला तो विश्वास आहे. सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटल्यास तो स्थगित वा रद्द करण्याचा अधिकार कायद्याने परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास दिला आहे, आणि त्या आदेशाविरुद्ध अपील करण्याची सोय परवानाधारकास दिली आहे.

हा कायदा आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली. पूर्वी एका व्यक्तीस तीन शस्त्रे बाळगता येत, ती मर्यादा दोनवर आली. परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली. आणि लग्नसमारंभ, धार्मिक स्थळ वा सभा यांत आनंदाच्या भरात बेदरकारपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेताना ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे. ते उगारणे वा मिरविणे निषिद्ध आहे. म्हणजे ज्या ऐटीने आम्ही पाहुण्यांपुढे उभे होतो, ती ऐट आमच्या हाती असलेल्या परवान्याच्या हेतूशी विसंगतच होती.

शस्त्र बाळगूनही लोकादर मिळविता येतो, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. २०२० च्या अखेरीस आपल्या आष्टी तालुक्यात आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने थैमान घातले होते. माणसे शेतात जाईनाशी झाली. वनखात्याने त्यास ठार मारण्याचा आदेश काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात अकलूजचे धवलसिंह मोहिते-पाटील यांच्या गोळीने तो पडला. त्या दिवशी त्या बंदुकीकडे कोणी संशयाने पाहिले नाही. कारण तिच्यामागे आदेश होता, कौशल्य होते आणि समोर लोकांचे संकट होते.

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील शिक्षकाचे चिरंजीव स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींतील स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेत्या झाल्या. या मुलामुलींच्या हाती रायफल पाहून कोणत्या आईचे मन कचरते? शस्त्र तेच असते. हात शिस्तीचा असतो.

शेजारच्या कर्नाटकात कोडगूचे कोडव लोक पाहा. ब्रिटिश काळापासून त्यांना शस्त्रपरवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने ती २०१९ साली पुढील दहा वर्षांसाठी वाढविली आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने तिच्याविरुद्धची याचिका फेटाळली. कैलपोढ या सणाला ते बंदुकीची पूजा करतात आणि मग नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा लावतात. ज्या समाजाला परवान्याचीही गरज नाही, त्याची बंदूक नेमबाजीच्या मैदानावर आहे. आणि ज्यांना अर्ज, चौकशी, अहवाल एवढ्या पायऱ्या चढून परवाना मिळतो, त्यांची बंदूक वरातीत, हा विरोधाभास लाजिरवाणा आहे.

ज्ञातिबंधूंनो, केवळ दोष दाखवून थांबणे सोपे असते. म्हणून काही सूचना आपल्यापुढे नम्रपणे ठेवतो. मंडळाने त्यांचा ठरावरूपाने विचार करावा.

पहिली सूचना अशी, की आपल्या ज्ञातीतील कोणत्याही लग्नात, मुंजीत, बारशात वा मेळाव्यात शस्त्र आणू नये. निमंत्रणपत्रिकेवर ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ ही ओळ आपण छापतोच. तिच्याखाली ‘कृपया शस्त्र आणू नये’ ही ओळ छापण्यास संकोच कसला? आणि कोणी आणलेच, तर वराच्या वडिलांनी त्यास हात जोडून परत पाठवावे. त्यांच्या पाठीशी मंडळ उभे राहील, एवढी खात्री त्यांना हवी.

दुसरी सूचना घरातील व्यवस्थेची. बंदूक रिकामी, काडतुसे वेगळी, दोन्ही कुलपात आणि किल्ली मुलांच्या हाती न पडेल अशी. शस्त्रासह छायाचित्र कोणीही काढू नये. परवानाधारक वारल्यास त्याचे शस्त्र वारसाकडे आपोआप जात नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. अज्ञानाने कित्येक विधवा भगिनींच्या घरी पतीची बंदूक तशीच पडून राहते आणि पुढे त्यांनाच त्रास होतो. मंडळाच्या वकील सभासदांनी अशा घरांना विनामूल्य मार्गदर्शन करावे.

तिसरी सूचना सेवेची. रानडुक्कर आणि रोही यांचा उपद्रव आजही कमी झालेला नाही. वन्यजीवांचा कायदा १९७२ पासून लागू आहे आणि वनखात्याच्या परवानगीवाचून या जनावरांवर गोळी झाडणे गुन्हा आहे, हे शेतकऱ्यांना नीट सांगावे लागते. अर्ज कसा करावा, नुकसानभरपाई कशी मागावी, याची माहिती परवानाधारकांनीच गावाला द्यावी. निवृत्त जवानांनी आपल्या मुलामुलींना नेमबाजीची शिस्त शिकवावी. दहा मीटरच्या एअर रायफलसाठी शाळेची एखादी लांब खोली, सुरक्षित भिंत आणि जाणता शिक्षक एवढ्यावर आरंभ करता येतो. वसतिगृहाच्या निधीतून नव्हे, तर आम्हां परवानाधारकांच्या वर्गणीतून हे व्हावे. आणि ते केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी नसावे. गावातील सर्वांच्या मुलांसाठी असावे. आमच्या वडिलांची फेरी ज्या शेतापासून सुरू होई, ते आम्ही आपणांस सांगितलेच आहे.

चौथी सूचना सर्वांत कठीण. आपल्यातील कोणी शस्त्राचा धाक घालून जमीन, ठेका वा खंडणी उकळीत असेल, तर तो आपला आहे म्हणून त्यास पाठीशी घालू नये. आपला म्हणून झाकलेला एक गुन्हेगार आपल्याच हजार निरपराधांच्या माथी काळोखी लावतो. ज्ञातीचे बळ विद्यार्थ्याच्या फीसाठी आहे, रुग्णाच्या औषधासाठी आहे. आरोपीच्या मिरवणुकीसाठी नाही. शेजारच्या ज्ञातीतही असे सांगणारे वडीलधारे आहेत. आपण आधी बोललो तर त्यांनाही बोलण्याचे बळ येईल.

शेवटची सूचना प्रत्येकाने एकांतात स्वतःला करावयाची आहे. कपाट उघडावे, परवाना हाती घ्यावा आणि विचारावे, हे शस्त्र मला कशासाठी हवे? कारण सापडले तर निःशंक मनाने ते ठेवावे. त्याची लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. सापडले नाही, तर फेरतपासणीच्या नोटिसीची वाट कशाला पाहावी?

आम्हीही हा प्रश्न स्वतःस विचारला. तीन रात्री उत्तर शोधले. ‘लोक काय म्हणतील’ याखेरीज काही सापडले नाही. तेव्हा पिस्तूल रीतसर जमा केले आणि परवाना परत केला. पहिले काही दिवस कमरेशी मोकळे मोकळे वाटे आणि हात सवयीने तेथे जाई, हे कबूल करतो. काही मित्रांनी “भ्यालात का?” असेही विचारले. वडिलांची दुनळी मात्र आमच्या धाकट्या बंधूंच्या नावे, त्यांच्या परवान्यावर आहे. ते शेतातील वस्तीवर राहतात. सुगीच्या दिवसांत अजूनही अपरात्री कोणीतरी त्यांचे दार ठोठवितो आणि ते कंदिलाऐवजी विजेरी घेऊन निघतात. त्या घराला गाव अजूनही बंदूकवाल्यांचे घर म्हणते. आमच्या घराला तसे कोणी म्हणत नाही, आणि त्याचे आता आम्हांस वैषम्य वाटत नाही.

सभा संपल्यावर आपल्यापैकी पुष्कळ जण मुलाबाळांना घेऊन पुन्हा किल्ल्याकडे जातील. एखादा नातू विचारील, “आजोबा, ही भिंत कशासाठी होती?” तेव्हा आपण सांगाल, की गावातील माणसांना रात्री निर्धास्त झोप लागावी यासाठी. आपल्या कपाटातील शस्त्राविषयीही त्यास हेच उत्तर देता यावे, अशी सद्बुद्धी केदारेश्वर आपणां सर्वांस देवो.